नालाच्या आकाराची किडनी
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब अपेक्षित असावा. त्या दोन्हींवर आपल्याकडे इतकी व्याख्यानं झाली आहेत की समोरच्या दोन रांगांतली ज्येष्ठ मंडळी माझ्याऐवजी बोलू शकतील. म्हणून मी जरा आडवाटेचा विषय घेतला. जन्मतःच किडनीची ठेवण वेगळी असणं, आणि त्यातही एक विशिष्ट प्रकार: दोन्ही किडन्या खालच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा, म्हणजे घोड्याच्या नालासारखा आकार. डॉक्टर तिला ‘हॉर्सशू किडनी’ म्हणतात. आपण नालाकृती किडनी म्हणू. आपल्याकडे काळ्या घोड्याचा नाल उंबऱ्याला ठोकतात, तो शुभ मानतात. तोच शब्द सोनोग्राफीच्या रिपोर्टात आला की मात्र घरात सुतक आल्यासारखी शांतता पसरते. ही शांतता बरीचशी अनाठायी आहे, आणि थोडीशी योग्यही आहे. किती अनाठायी आणि किती योग्य, ते आज सांगणार आहे.

ही ठेवण साधारण चारशे ते सहाशे माणसांत एकाची असते. पुरुषांत बायकांपेक्षा दुपटीने जास्त. आता हिशोब करा. गणपतीच्या दहा दिवसांत या मंडपात येऊन जाणाऱ्यांत दोन-तीन जण असे असणारच, आणि त्यांतल्या एखाद्याला ते ठाऊकही नसेल. सुमारे एक तृतीयांश लोकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. अपेंडिक्ससाठी किंवा पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी करायला जातात आणि तिथे हे निघतं.

हे होतं कसं? गर्भात किडन्या आज आपल्या आहेत त्या जागी तयार होत नाहीत. त्या खाली, ओटीपोटात तयार होतात, एकमेकींच्या अगदी जवळ. साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात त्या वर सरकतात, बरगड्यांच्या खाली येऊन बसतात, आणि सरकता सरकता आत वळतात. आईला अनेकदा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं, तेवढ्या काळात हा सगळा प्रवास उरकतो. काही गर्भांत निघायच्या आधीच खालची टोकं जुळतात आणि मध्ये एक पूल तयार होतो. मग जोडगोळी वर निघते खरी, पण पोटातल्या मुख्य धमनीतून पुढच्या बाजूला एक फांदी निघते, मोठ्या आतड्याला रक्त देणारी, तिच्याखाली हा पूल अडकतो. त्यामुळे किडनी नेहमीपेक्षा खाली राहते. आत वळणंही अर्धवट राहतं. लघवीची नळी, म्हणजे युरेटर, किडनीच्या आतल्या अंगाने उतरायच्या ऐवजी पुढून निघते आणि त्या पुलावर चढून मग खाली येते.

एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्रास या चढातून येतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची तोटी तळाशी नसून चार बोटं वर बसवली आहे असं समजा. टाकी भरते, वाहते, पाण्याची तक्रार नाही. पण तळाशी गाळ साचतो. नालाकृती किडनीत लघवी अशीच थोडी रेंगाळते. रेंगाळली की जंतू वाढतात, क्षार साचतात, मुतखडे होतात. आईवडिलांना मी मुद्दाम सांगतो की हे कोणाच्या खाण्यामुळे झालेलं नाही, आईने ग्रहण पाहिल्यामुळे झालेलं नाही, बाळंतपणाआधी जिना चढल्यामुळेही नाही. आजी खोलीत असेल तर दोनदा सांगतो.

आता एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. घर मूळचं बीडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत. डाव्या कुशीत अधूनमधून दुखायचं. सोनोग्राफीत संशय आला, सीटी स्कॅनमध्ये नालाकृती किडनी दिसली. रक्तातलं क्रिएटिनिन उत्तम, रक्तदाब उत्तम, लघवीत थोडा जंतुसंसर्ग. औषध दिलं, दहा दिवसांत दुखणं गेलं. वैद्यकीयदृष्ट्या गोष्ट तिथे संपली. तिसऱ्या भेटीला आई एकटी आली. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हिचं जमत आलंय. मुलाकडचे विचारतील तर काय सांगू? आणि रिपोर्टात ते लिहिलंच पाहिजे का?”

रिपोर्टातलं काढता येत नाही, आणि येत असतं तरी मी काढलं नसतं. पण त्या बाईंना उपदेश करून पाठवणंही बरोबर नव्हतं. त्यांची भीती खरी होती. आपल्या समाजात ‘मुलीच्या किडनीत काहीतरी आहे’ एवढं वाक्य कानोकानी फिरायला लागलं की चार घरांनंतर ते ‘मुलगी डायलिसिसवर आहे’ होतं. मी त्यांना म्हटलं, काकू, दडवायचं असेल तर तो निर्णय तुम्ही नाही, मुलीने घ्यायचा. तिचं शरीर आहे. आणि सांगायचं असेल तर अर्धवट सांगू नका. मुलालाच घेऊन या, मी कागदावर चित्र काढून दाखवतो. मुलगी त्याला घेऊन आली. मुलाने दोन प्रश्न विचारले, मुलाबरोबर आलेल्या काकांनी नऊ. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “म्हणजे एकच किडनी आहे का?” नाही, दोन आहेत, जोडलेल्या आहेत. काम दोघीही करतात. दुसरा प्रश्न बाळंतपणाचा. या ठेवणीमुळे गर्भ राहायला अडचण येत नाही, बहुतेकींचं बाळंतपण इतरांसारखंच होतं. फक्त गरोदरपणात लघवीची तपासणी वरचेवर करायची, कारण त्या काळात जंतुसंसर्ग व्हायची शक्यता तशीही वाढते. आणि रक्तदाबावर नजर ठेवायची. तिसरा प्रश्न, मुलांत उतरेल का? बहुतेक वेळा हे अनुवंशिक नसतं.

इथे मला एक गोष्ट टोचते, ती बोलून टाकतो. ही ठेवण मुलांमध्ये दुप्पट सापडते. इतक्या वर्षांत असा रिपोर्ट आलेल्या एकाही मुलाच्या आईने मला “लग्नात सांगायचं का” असं विचारलेलं नाही.

मुलींच्या बाबतीत एक वैद्यकीय मुद्दा मात्र वेगळा आहे. मुलगी वयाच्या मानाने फारच बुटकी असेल, पाळी वेळेवर सुरू झाली नसेल आणि किडनी नालाकृती निघाली असेल, तर गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. टर्नर सिंड्रोम नावाच्या अवस्थेत ही किडनी बऱ्यापैकी सापडते. निदान लवकर झालं तर वाढीसाठी उपचार असतात, हृदयाची तपासणीही करावी लागते. आणि ज्या मुलीला जन्मतः एकच किडनी आहे, म्हणजे दुसरी तयारच झाली नाही, तिची गर्भाशयाची सोनोग्राफी वयात येण्याच्या सुमारास जरूर करावी. गर्भात किडनी आणि गर्भाशय शेजारी शेजारीच घडत असतात. एकीकडे काही राहिलं तर दुसरीकडेही राहिलेलं असू शकतं. पोटात दुखतंय, पाळी नीट येत नाही, म्हणून वर्षभर पित्ताच्या गोळ्या खात बसण्यापेक्षा ही एक तपासणी परवडते.

आता लहान बाळांकडे येऊ. हल्ली पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीचा रिपोर्ट येतो. “किडनीला सूज आहे” असं आपण घरी सांगतो. खरं तर ती सूज नसते, किडनीच्या आतला लघवी जमायचा भाग फुगलेला असतो. बऱ्याच बाळांत जन्मानंतर ते आपोआप कमी होतं. म्हणून जन्मल्या दिवशीच घाईने सोनोग्राफी करून निष्कर्ष काढू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाला लघवीच कमी होते, आणि फुगवटा असून दिसत नाही. दोन्ही बाजूंना मोठा फुगवटा असेल किंवा मुलगा असून लघवीची धार नीट नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबायचं नाही. एरवी काही दिवसांनी एक सोनोग्राफी, मग महिना-दीड महिन्याने दुसरी. फुगवटा टिकला तर रेनोग्राम करायचा. यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात आणि कोणती बाजू किती काम करते, लघवी किती वेळात उतरते, याचा आलेख मिळतो.

नालाकृती किडनीत हा आलेख फार महत्त्वाचा. कारण तिचा आतला भाग बाहेरून पाहिला तर बहुतेक वेळा फुगलेलाच दिसतो, पण फुगलेला दिसणं म्हणजे अडलेलं असणं नव्हे. चार-पाच रुग्णांत एकाला किडनी आणि नळी जुळते त्या तोंडाशी खरा अडथळा असतो. त्यांना शस्त्रक्रिया लागते. उरलेल्यांना नाही. नुसत्या सोनोग्राफीवर कोणी ऑपरेशनची तारीख द्यायला लागलं तर रेनोग्राम झाला का, एवढं विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

शस्त्रक्रियेत अडलेलं तोंड कापून पुन्हा रुंद जोडतात. आता बहुतेक ठिकाणी हे दुर्बिणीतून होतं, काही ठिकाणी रोबोटच्या मदतीने. पूर्वी मधला पूलच कापून दोन किडन्या वेगळ्या करायची पद्धत होती. कल्पना आकर्षक होती, पण त्याने फायदा फारसा होत नाही आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर सर्रास पूल कापणं बंद झालं. आजही “डॉक्टर, वेगळ्याच करून टाका ना” असं म्हणणारे भेटतात. सयामी जुळ्यांच्या बातम्या वाचलेल्या असतात.

आणि मुतखडा. हैदराबादला हा विषय वेगळा सांगायला नको. आपला उन्हाळा, आपलं कमी पाणी पिणं, आणि लघवीला जागा मिळणार नाही म्हणून बायकांनी दिवसभर तहान मारणं. कोठी, सुलतान बाजार भागात दिवसभर खरेदीला जाणाऱ्या बायका मला हे स्पष्ट सांगतात, आणि त्यात दोष त्यांचा नाही, शहराचा आहे. नालाकृती किडनी असलेल्यांत निदान पाचांतल्या एकाला कधी ना कधी खडा होतो.

नांदेड, देगलूर, उदगीरकडून आपल्याकडे बरेच रुग्ण येतात. संस्थानाच्या काळापासून मराठवाड्याला दवाखाना म्हणजे हैदराबाद ही सवय आहे. १९५६ ला सीमा बदलली, सवय नाही बदलली. गाडीतून उतरतात, काखेत पिशवी, पिशवीत फिल्म. असेच एक साठीचे शेतकरी आले. “तीनदा फोडला साहेब, पण निघंना बघा.” बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडण्याचे तीन प्रयत्न कुठेतरी झाले होते. खडा फुटलाही होता. चुरा मात्र जागेवरच. त्यांची सीटीची फिल्म उजेडावर धरली आणि पूल दिसला. टाकीची तोटी वर आहे, तर गाळ फोडून बारीक केला तरी तो बाहेर कसा पडणार? खडा फुटणं आणि खडा निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या किडनीत दुसरी अवघड असते.

अशा रुग्णांत लहान खड्याला वाकणारी दुर्बीण लघवीच्या मार्गाने वर नेऊन लेसरने चुरा करतात आणि तुकडे टोपलीसारख्या तारेत धरून बाहेर काढतात. दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठा खडा असेल तर पाठीतून छोटं भोक पाडून. इथे नालाकृती किडनी एक सोय करते, आणि एक सापळाही लावते. किडनी खाली असल्यामुळे तिच्या वरच्या टोकातून शिरलं तरी फुप्फुस लांब राहतं, एरवी तीच भीती असते. सापळा असा की काहींत मोठं आतडं किडनीच्या मागे येऊन बसलेलं असतं, नेमकं सुईच्या वाटेत. म्हणून शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन हवाच. रक्तवाहिन्यांचंही तेच. एरवी बहुतेकांत किडनीला एक धमनी येते. इथे तीन, चार, पाच, आणि वाटेल तिथून. पुलालाही स्वतंत्र.

शेतकरीदादांचं काम पाठीतून एकाच बैठकीत झालं. खडा तपासायला पाठवला. त्यांना मी खाण्याचं सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पाणी किती प्यायलात ते मोजू नका, लघवीचा रंग पाहा, ती पाण्यासारखी फिकी असली पाहिजे. मीठ कमी. लोणचं, पापड, इथली ती प्रसिद्ध चटणीची पूड, सगळ्यात मीठ. दूध-दही बंद करू नका. खडा कॅल्शियमचा म्हणून कॅल्शियम बंद, हा समज चुकीचा आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. अंबाडीची भाजी, म्हणजे इथला गोंगुरा, आणि पालक यांत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं. रोज नको, कधीतरी दह्याबरोबर चालेल. मराठवाड्याच्या माणसाला अंबाडी पूर्ण तोड असं सांगण्याइतका मी कठोर नाही.

आता बायकांसाठी एक, आणि यावरून घरी वाद झाले तर माझं नाव सांगा. परवाच हरतालिका झाली. ज्यांना खड्याचा त्रास आहे किंवा किडनीची ठेवण वेगळी आहे, त्यांनी निर्जळी उपवास करू नये. फळं खा, पाणी प्या, पूजा करा. भाद्रपदातल्या दमट हवेत चोवीस तास पाण्याशिवाय राहिलात तर लघवी घट्ट होते, आणि खड्याला तेवढं निमित्त पुरतं. गणपतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळ येऊन आमच्याकडे येणाऱ्या बायका मी दरवर्षी पाहतो.

आणखी थोडं, पटकन. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून आठवडेच्या आठवडे खाऊ नका, किडनी कशीही असली तरी. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी. लघवीतून रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी लगेच दाखवायचं. लहान मुलांत किडनीच्या एका गाठीचं प्रमाण या ठेवणीत सुमारे दुप्पट असतं, पण ती गाठ मुळातच इतकी विरळ की दुपटीनंतरही विरळच राहते. कबड्डी, कराटे यांत पोटावर थेट मार बसतो, आणि हा पूल पाठीच्या कण्यावर पुढे आडवा पडलेला असल्याने चेंगरू शकतो. मुलाला खेळू द्या, पण प्रशिक्षकाला सांगून ठेवा. पोहणं, धावणं, बॅडमिंटन, काही अडचण नाही. गाडीत पट्टा लावायचाच, कमरेचा पट्टा पोटावर न ठेवता खाली मांड्यांजवळ बसवायचा. विम्याच्या फॉर्मवर लिहा. विमा कंपन्या जन्मजात दोषांत ‘अंतर्गत’ आणि ‘बाह्य’ असा भेद करतात, हा अंतर्गत आहे. लपवलंत तर दावा करताना तेच कारण पुढे येतं.

आणि रिपोर्टची प्रत जवळ ठेवा, फोनमध्येही. हे कंटाळवाणं वाटेल, पण जन्मजात वेगळी ठेवण असलेल्यांचा खरा धोका कित्येकदा आजारात नसून दुसऱ्याच ऑपरेशनमध्ये असतो. किडनी ओटीपोटातच राहून गेलेली असते, हाताला गाठ लागते, आणि ती गाठ समजून काढली जाण्याचे प्रकार वैद्यकाच्या इतिहासात झालेले आहेत. आणखी विरळ प्रकारात एका बाजूची किडनी मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या किडनीला चिकटते. हजार-दोन हजारांत एखादाच. त्याची डावी बाजू रिकामी, उजवीकडे दोन. सोनोग्राफी करणाऱ्याला डावी किडनी ‘नाही’ असंच दिसतं. पोटातल्या मोठ्या धमनीच्या शस्त्रक्रियेत नालाचा पूल बरोबर पुढ्यात येतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो वाट बदलतो. टेबलावर कळलं तर पंचाईत.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी विचारलं की अशी किडनी दान करता येते का, ते उत्तर इथे देऊन थांबतो. जिवंतपणी अशा व्यक्तीची किडनी सहसा घेत नाहीत, कारण वेगळी करताना देणाऱ्यालाच इजा होण्याची भीती असते. मृत्यूनंतरच्या दानात मात्र ती चालू शकते. आपल्याकडे २०१३ पासून ‘जीवनदान’ योजनेतून मेंदू मृत झालेल्या दात्यांच्या अवयवांचं वाटप होतं. नालाकृती किडनी मिळाली तर सर्जन पूल, रक्तवाहिन्या आणि नळ्या नीट पाहतात. पूल बारीक असेल आणि धमन्या दोन्हीकडे सरळ वाटून येत असतील तर मधून विभागून दोन रुग्णांना देतात, नाहीतर ती संपूर्ण एकालाच बसवतात. जगभरात दोन्ही प्रकारे झालेलं आहे. त्यामुळे दात्याचा अर्ज भरताना “माझी जोडलेली आहे, चालणार नाही” असं स्वतःच ठरवून नाव मागे घेऊ नका, ते ठरवायचं काम त्या वेळी टेबलापाशी उभ्या असलेल्यांचं आहे.